ताओ ते चिंग वाचायचंय? आधी पहिला अध्याय सोडून द्या

लाओत्सूच्या नावावरचं हे जुनं चिनी पुस्तक मी पहिल्यांदा वाचलं ते भुसावळ ते दादर, एका रात्रीत. चाळीसगाव गेलं तेव्हा अर्धं झालेलं, इगतपुरीला चहा घेतला तेव्हा संपलेलं, आणि मी मनात म्हटलं चला, लाओत्सू झाला आपला. ८१ छोटे छोटे अध्याय, मूळ चिनीत सगळं मिळून साधारण ५००० अक्षरं, आमच्याकडच्या लग्नपत्रिकेत याच्यापेक्षा जास्त मजकूर असतो कधी कधी.

मग काही महिन्यांनी ऑफिसात एका साहेबांचा निरोप समारंभ होता, तिथं मी माईक धरून ठोकून दिलं की लाओत्सू म्हणतो विचारांवर लक्ष ठेवा, विचारांचे शब्द होतात, शब्दांची कृती होते वगैरे वगैरे. टाळ्या पडल्या. खाली उतरलो तर एका रिटायर मास्तरांनी हळूच विचारलं, कितव्या अध्यायात आहे हो हे? घरी येऊन ८१ च्या ८१ चाळले, कुठंच नाही. ते वाक्य त्या पुस्तकात नाहीच, लाओत्सूच्या नावानं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं फक्त. भूतकाळात जगला की डिप्रेशन अन् भविष्यात जगला की टेन्शन, ते पण नाही. मासा देण्यापेक्षा मासे पकडायला शिकवा, ते पण नाही. म्हणून सगळ्यात पहिला नियम हाच लावून घ्या, कोणी लाओत्सूचं वाक्य फेकलं की अध्याय नंबर विचारायचा. नंबर नसला की पुढं जायचं.

त्या फजितीनंतर परत पहिल्यापासून धरलं, आठवड्याला एक अध्याय. या हिशोबानं दीड वर्षात व्हायला पाहिजे, मला चौथं वर्ष चालू आहे आणि काही घाई नाही. मी कसं वाचतो ते सांगतो, त्यातलं जमेल ते घ्या.

आधी नाव. इंग्रजीत कुठं टी नं लिहिलेलं दिसेल कुठं डी नं, ताओ का दाओ यावर लोक उगाच वाद घालतात. भानगड अशी की चिनीतला तो उच्चार म्हणजे श्वास न सोडलेला त, आणि इंग्रजांकडे त आणि थ असे वेगळे नाहीतच म्हणून त्यांची पंचाईत. आपल्याकडे त पण आहे थ पण आहे, आपण सरळ 'ताओ' म्हणा, बरोबर आहे. ते चिंग मधला च पण आपला साधा 'चिंच' मधला च. लाओत्सू मधला तो 'त्स' तर अजून सोपा, तो आपला 'चाक' आणि 'चूल' मधला च आहे, जो हिंदीवाल्यांना जन्मात जमत नाही. चढउताराचे सूर सोडले तर मराठी माणसाला चिनी वाचायला निम्मं घरूनच मिळालेलं आहे.

आता ताओ म्हणजे काय. डिक्शनरीत 'मार्ग'. आणि हे भाषांतर आजचं नाही बरं का. आपल्या शाळेच्या पुस्तकात जो ह्युएन त्संग आहे ना, तोच, त्याला ६४७ साली तिकडच्या सम्राटानं सांगितलं की हा ग्रंथ संस्कृतात करून कामरूपच्या राजाला, म्हणजे आजच्या आसामकडे, पाठव. ताओवाले पंडित म्हणाले ताओला 'बोधी' लिहा, हा म्हणाला नाही, 'मार्ग'च लिहिणार, आणि त्यावर चांगलीच जुंपली. ते संस्कृत भाषांतर आज हातात नाही, भांडण तेवढं शिल्लक आहे.

मी माझ्या वहीत 'मार्ग' लिहीत नाही, 'वाट' लिहितो. कारण पहिल्या अध्यायाची पहिली सहा अक्षरं अशी आहेत, ताओ ख ताओ, फेइ छांग ताओ. सहात तीनदा ताओ. आणि चिनीत ताओचा अर्थ रस्ता पण होतो आणि बोलणं, सांगणं पण होतो, म्हणजे जो ताओ 'ताओ'ता येतो तो कायमचा ताओ नाही असं काहीतरी ते होतं. मार्ग या शब्दात ही गंमत येत नाही, मार्ग आपला सरळ उभा असतो सिव्हिल इंजिनिअरसारखा. 'वाट' बघा, वाट चालायची असते, वाट बघायची असते, मनाला वाटतं, आणि वाट लागते पण. शब्द हातातून निसटतो, आणि या पुस्तकाला तसलाच शब्द लागतो.

पण म्हणूनच पहिला अध्याय पहिल्यांदा वाचू नका. तिथंच निम्मी माणसं गळतात, नाहीतर त्याहून वाईट म्हणजे गूढ चेहरा करून फिरायला लागतात. ११ व्या पासून सुरू करा. त्यात काहीच गूढ नाही, तीनच वस्तू आहेत. चाकाचे तीस आरे एका तुंब्यात येतात, पण मधल्या भोकामुळे गाडी चालते. मातीचं भांडं करतात, पण आतल्या रिकामपणामुळे त्यात काही ठेवता येतं. भिंतीला दार खिडकी पाडतात, त्या पोकळीमुळेच ती खोली होते. बस एवढंच. हा अध्याय वाचला की घरात फिरा आणि दहा वस्तू शोधा ज्यांचा उपयोग त्यांच्यातल्या रिकाम्या भागामुळे होतो. मी आजीचा घरोटा घेतला (जातं म्हणतात ना, त्याला आमच्याकडे घरोटा), आता माळ्यावर पडून आहे तो. खाली उतरवला, पाळूचं तोंड पाहिलं, दाणे टाकायचं ते भोक. इतकी वर्षं मला तो घरोटा म्हणजे दोन जड दगड वाटत होते. दगडांनी दळलं खरं, पण भोक नसतं तर दळलं काय असतं? त्या आठवड्यात मला अध्याय कळला असं म्हणणार नाही, पण माझ्या हाताला कळला.

११ नंतर माझा क्रम असा होता, ८, ७८, ७६, ६४, ९, २३, १६, ३३. पाण्याचे, झाडाचे, वाऱ्याचे आधी, राजाचे नंतर, आणि ताओ म्हणजे काय ते सांगायचा प्रयत्न करणारे (१, १४, २५) सगळ्यात शेवटी. तुमचा वेगळा असू शकतो, पण जिथं हातात धरायला वस्तू आहे तिथून सुरू करा हे नक्की.

पुस्तकं कोणती घ्यायची? एकच कधीच घेऊ नका, कमीत कमी दोन. जेम्स लेगचं इंग्रजी भाषांतर १८९१ चं आहे, जुनाट भाषा आहे पण फुकट मिळतं. 'चायनीज टेक्स्ट प्रोजेक्ट' नावाच्या साइटवर ते मूळ चिनीच्या शेजारी ठेवलेलं आहे, एकेका चिनी अक्षरावर क्लिक केलं की अर्थ निघतो, मोबाईलवर पण चालतं. दुसरं डी. सी. लाउचं १९६३ चं घ्या, ते कोरडं आहे पण सरळ आहे. स्टीफन मिचेलचं १९८८ चं खूप खपलं, वाचायला गोड आहे, पण त्या माणसाला चिनी येत नव्हतं, इतरांची भाषांतरं समोर ठेवून त्यानं आपल्या अंदाजानं केलं, म्हणून ते तिसरं ठेवा, पहिलं नको. ओशोंची हिंदी प्रवचनं पण आहेत यावर, ऐकायला मजा येते, पण त्यात लाओत्सू कुठं संपतो आणि ओशो कुठं सुरू होतात ते आपल्याला कळत नाही, म्हणून ती पण नंतर.

दोन भाषांतरं जिथं एकमेकांशी जुळत नाहीत तिथं पेन्सिलनं खूण करा. अभ्यास तिथंच आहे. जुळतात तिथं फक्त वाचायचं.

लेखकाचं जास्त मनावर घेऊ नका. सुमारे इसवी सनापूर्वी १०० च्या आसपास सिमा छिएन नावाच्या इतिहासकारानं लिहून ठेवलंय की लाओत्सू झोउ दरबारात दप्तरखान्याचा माणूस होता, राज्य ढासळताना बघून पश्चिमेकडे निघाला, नाक्यावरच्या अधिकाऱ्यानं अडवून सांगितलं की जाताय तर काहीतरी लिहून द्या, तेव्हा हे पाच हजार शब्द लिहिले आणि गेला तो गेलाच. गोष्ट मस्त आहे. पण तोच इतिहासकार पुढं लिहितो की हा माणूस नक्की कोण ते पक्कं नाही. जमिनीतून जे निघालंय ते जास्त भरवशाचं. १९७३ ला चांगशाजवळ मावांगतुइ इथं एक थडगं उघडलं, इसवी सनापूर्वी १६८ ला बंद केलेलं, त्यात रेशमावर लिहिलेल्या दोन प्रती सापडल्या, आणि त्यात आपण ज्याला दुसरा भाग म्हणतो (३८ ते ८१) तो आधी आहे! मग १९९३ ला क्वोतिएनला बांबूच्या पट्ट्या सापडल्या, त्याहून जुन्या, इसवी सनापूर्वी ३०० च्या आसपासच्या, त्यात तर ३१ अध्यायांपुरताच मजकूर आहे. म्हणजे हे एका बैठकीत लिहिलेलं पुस्तक दिसत नाही, हळूहळू जमत गेलेलं दिसतं. आपल्याला यात नवल वाटायला नको. बहिणाबाईंना लिहिता वाचता येत नव्हतं, घरोट्यावर, शेतात म्हटलेलं दुसऱ्यांनी टिपून घेतलं म्हणून उरलं. ताओ ते चिंगमध्ये पण कितीतरी ठिकाणी यमकं आहेत, पाठ करायला, म्हणायला केलेलं आहे ते.

त्या रेशमी प्रतीतली एक गोष्ट मला फार आवडते. पहिल्या ओळीत आपण 'छांग' वाचतो ना, कायमचा या अर्थाचा, तिथं रेशमावर 'हंग' असं अक्षर आहे. बदललं का? तर हान घराण्यात एक सम्राट झाला त्याचं नाव हंग होतं, आणि राजाचं नाव लिहायचं बोलायचं नाही असा नियम, म्हणून लोकांनी शब्दच बदलला आणि तो तसाच दोन हजार वर्षं चालला. माझ्या आजोबांचं नाव नारायण. आजी सत्यनारायणाला जन्मभर नुसती 'पूजा' म्हणाली. घरातली पोरं अजून पूजाच म्हणतात, कारण कोणाला माहीत पण नाही.

आता मुख्य काम, वही. दोनशे पानी घ्या, एका अध्यायाला दोन पानं. सोमवारी दोन्ही भाषांतरं वाचायची, काही लिहायचं नाही. मधले दिवस तो अध्याय डोक्यात ठेवून आपापली कामं करायची, बसमध्ये, दुकानात, शेतात. रविवारी पुस्तक मिटून तो अध्याय आपल्या बोलीत लिहायचा. पुस्तकी मराठीत नाही, बोलीत, घरी आईशी जसं बोलता तसं. अहिराणीवाल्यांनी अहिराणीत, आमच्यासारख्यांनी लेवा बोलीत. हे मी हौस म्हणून सांगत नाहीये. पुस्तकी मराठीत लिहिलं की आपण आपोआप अद्वैत, परमतत्त्व, निष्काम असले शब्द घालतो आणि वाटतं कळलं. बोलीत ते शब्दच नाहीत, मग खरंच सांगावं लागतं. माझा आठवा असा झाला, "पानी सगयाले देते, कोनाशी भांडत नही, अन् जिथं कोनी थांबत नही अशा खालच्या जागी जाऊन बसते." आणि ३३ मधली ओळ, "दुसऱ्याले वयखतो तो हुशार, सोताले वयखतो त्याच्या डोक्यात उजेड." जिथं बोलीत येतच नाही तिथं जागा कोरी सोडायची. माझ्या वहीत कोऱ्या जागा भरपूर आहेत, आणि दर वर्षी त्यातल्या दोन-चार भरतात, दोन-चार भरलेल्या खोडल्या जातात.

एक सापळा सांगून ठेवतो कारण मी स्वतः त्यात वर्षभर अडकलो. ७६ वाचला की प्रत्येक मराठी माणूस म्हणणार, हे तर तुकोबांचं 'महापुरें झाडें जाती तेथें लव्हाळें वांचती'! आणि वही बंद. सारखं आहे हे खरं, पण तुकोबा देवाशी बोलतायत, लहानपण मागतायत. लाओत्सू कोणाकडे काही मागत नाही, समोर देवच नाहीये, तो बघून सांगतोय की जिवंत माणूस मऊ असतो, मेला की ताठ होतो, झाडाचं पण तसंच, ताठ सैन्य हरतं, ताठ झाड तोडलं जातं. तसंच 'वू वेइ' म्हणजे न करणं, याला लगेच गीतेतला निष्काम कर्मयोग म्हणू नका. तिथं फळाचा प्रश्न आहे, इथं जोर लावण्याचा.

वू वेइ म्हणजे नुसतं पडून राहणं पण नाही. ते बघायचं असेल तर आमच्या मावशीला खापरावरचे मांडे करताना बघा. पुरण भरलेला गोळा हातावर घेते, लाटणं नाही पोळपाट नाही, दोन्ही हातांवर झेलत झेलत तो आपल्याच वजनानं पसरतो, कोपरापर्यंत येतो, मग उलट्या खापरावर टाकते. मी एकदा करून बघितलं, मी पसरवायला गेलो तर तिसऱ्या झेलीला भोक. ती म्हणाली, तू ओढू नको, त्याला खाली येऊ दे. च्वांगत्सू नावाचा दुसरा ताओवाला आहे, त्याच्या तिसऱ्या प्रकरणात एक खाटीक आहे, एकच सुरी १९ वर्षं वापरतो आणि धार नवीनच, कारण तो हाडावर मारत नाही, सांध्यातल्या मोकळ्या जागेतून सुरी जाऊ देतो. मावशीला ही गोष्ट सांगितली तर तिला कापाकापीचं आवडलं नाही, पण १९ वर्षांवर म्हणाली, एवढी तर लागतातच.

पुस्तकाशी भांडायचं पण. मे महिन्यात आमच्या यावलकडे वादळ झालं, काकांची (आम्ही त्यांना आप्पा म्हणतो) केळी घडासकट आडवी. दुसऱ्या दिवशी मी गेलो, आप्पा विळा घेऊन पानं कापत होते, मी बांधावर बसलो, वही सोबत होतीच. "काय वाचू राह्यला रे भाऊ?" म्हणून मी ७६ सांगितला, मऊ ते टिकतं. त्यांनी पडलेल्या खोडात विळा घातला, लोण्यासारखा आत गेला. म्हणाले, "नरम तं केय बी राह्यते ना रे भाऊ, मंग ती काहून आडवी झाली?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या रविवारी ७६ च्या पानावर फक्त आप्पांचा प्रश्न लिहिला. मग पुढचे काही आठवडे शोधत बसलो. नवव्यात सापडलं थोडं, काठोकाठ भरण्यापेक्षा वेळेत थांबलेलं बरं. वीस-पंचवीस किलोचा घड त्या पाण्यानं भरलेल्या खोडावर आपणच चढवलेला, खत घालून घालून. २३ व्यात, सोसाट्याचा वारा सकाळभर टिकत नाही, धो धो पाऊस दिवसभर टिकत नाही. पाचव्यात ते बदनाम वाक्य, आकाश आणि पृथ्वीला दयामाया नाही, सगळ्यांना गवताच्या कुत्र्यासारखं वागवतात. गवताचे कुत्रे म्हणजे पूजेपुरते नटवायचे आणि पूजा झाली की टाकून द्यायचे, आपला पोळ्याचा मातीचा बैल दुसऱ्या दिवशी कोनाड्यात जातो ना, त्याच्याहून वाईट. वादळानं सातबारा बघितला नाही, आप्पांची पडली, शेजारच्याची अर्धी उभी. आणि १६ व्यात, सगळं फोफावतं आणि आपापल्या मुळाकडे परत जातं. हे वाचून दाखवलं तर आप्पांनी बुंध्याकडे बोट केलं, पील, म्हणजे केळीचा नवा कोंब, वर आलेला होता. पण ते म्हणाले पील येईल, बँकेचा हप्ता त्याच्या आधी येईल. तेही लिहून ठेवलंय वहीत, १६ च्या खाली.

अजून एक, सगळंच पटवून घेऊ नका. हे पुस्तक लढाया चालू असलेल्या काळात, राजांना सांगायला म्हणून पण लिहिलेलं आहे. तिसऱ्यात चक्क म्हणतो की लोकांची मनं रिकामी ठेवा, पोटं भरा. ६५ व्यात म्हणतो जुने चांगले राज्यकर्ते लोकांना शहाणं करत नव्हते. भाष्यकार इथं सारवासारव करतात, साधेपणा म्हणायचंय वगैरे. असेल. मला ते अजून खटकतं आणि मी ते दोन अध्याय 'नाही पटत' असं लिहून ठेवलेत. उलट १७ वा बघा, सगळ्यात चांगला राजा तो ज्याचं असणं लोकांना जेमतेम माहीत असतं, काम झालं की लोक म्हणतात आम्हीच केलं. साक्री, धुळ्याकडे पांझरा नदीवर शेतीचं पाणी वाटायची फड पद्धत आहे, कित्येक पिढ्यांची, पाटकरी पाणी फिरवतो, गाव ठरवतं, पाणी शेवटच्या शेतापर्यंत जातं आणि कोणाचा फोटो लागत नाही.

ग्रुप करायचा का? दोन जण पुरे, तीन झाले की प्रवचन सुरू होतं. ५६ वा म्हणतो ज्याला कळतं तो बोलत नाही, बोलतो त्याला कळत नाही. यावर पाय चूयी नावाच्या थांग काळातल्या कवीनं कधीच टोला मारून ठेवलाय, लाओत्सूला कळत होतं तर त्यानं पाच हजार अक्षरं लिहिली कशाला?

माझा सध्या ६० वा चालू आहे. मोठं राज्य चालवणं म्हणजे बारके मासे शिजवण्यासारखं, एवढीच पहिली ओळ. अडचण अशी की आम्ही शाकाहारी, बारके मासे जन्मात शिजवले नाहीत. म्हणून तापीकाठच्या एका मित्राला फोन केला. तो म्हणाला, एकदा तव्यात टाकले की उलथनं खाली ठेवायचं बाबा, दर मिनिटाला हलवत बसला तर काट्यांचा भुगा खाशील. रविवारी वहीत त्याचंच वाक्य उतरवलं, फक्त आधी राज्य घातलं.